शिडी कुणाची?

भरदुपारी दिवेआगरच्या आपल्या वाडीत माडावर चोर चढलेला पाहून विश्वंभरकाकांनी शिडी काढून घेतली आणि पोलिसांना फोन केला. चोरानेही वरून केला.

हवालदार आले. “काका, नारळ अजून झाडावरच आहेत, म्हणजे चोरी झालेली नाही. माणसाला मात्र तुम्ही तासभर वर अडकवून ठेवलंत. तो गुन्हा झाला.”

“अहो, पण माड माझा, शिडी माझी!”

“शिडी तुमची, हे कबूल ना?”

काकांनी चडफडत शिडी पुन्हा माडाला लावली. वरून चोर ओरडला, “सायेब, ही शिडी लय डुगडुगते! मागल्या खेपेला नारळ उतरवताना पडता पडता वाचलो!”



हवालदारांनी काकांवर डोळे वटारले. “मागल्या खेपेलाही हीच डुगडुगती शिडी? मग काका, तुमचे दोन गुन्हे झाले.”