बसा मागे

पाणथळीच्या बांधावर शेवटच्या फेरीला निघेपर्यंत पहारेकरी मेटाकुटीला आलेला असे. आजही टोकाच्या मचाणाशी सायकल थांबवून त्याने रोजची हाक दिली, "कोणी राहिलंय का?" मग गुडघे चोळत वैतागून म्हणाला, "असाल तर बसा मागे. परत यायचं त्राण नाही माझ्यात."

परतताना पेडल रेटवेना. "वय झालं," तो पुटपुटला.

फाटक सांभाळणाऱ्या बायकोचा फोन आला, तसा तो उतरला.

"अहो, पक्षी बघायला आलेले सगळे सायकलवाले बाहेर आलेत. तुम्हीच तेवढे आत."

तो उतरला होता, तरी मागचा टायर पार चेपलेला होता. सकाळीच तर हवा भरली होती!

पंप काढायला तो वाकला, तोच कॅरिअर करकरलं आणि टायर हळूहळू पुन्हा फुगला.