अकीकाचा कुत्रा

"हा माझा कुत्रा नाही," राणीसाहेब म्हणाल्या.

कारागीर गोंधळला. टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर तपकिरी अकीक दगडात कोरलेला कुत्रा बसला होता, मुठीत मावेल एवढा. कान ताठ, तोंड उघडं, जीभ बाहेर. कपाळावरचा पांढरा ठिपका दगडाचा मूळचाच. नेमका तसा दगड शोधताना बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले होते. आणि आता म्हणे, माझा नाही.

"राणीसाहेब, मी मागच्या अंगणात बसून, याला बघून मेणाचा नमुना केला. जिवंत जनावर समोर असल्याशिवाय आम्ही मेणाला हात लावत नाही."

"मग कुणीतरी भलताच कुत्रा बसवला असेल तुमच्यापुढे. माझ्याचे कान पडलेले असतात. गरीब स्वभावाचा आहे तो. कान खाली करून द्या."

"दगड आहे हो. वाकवता नाही येत. घासून काढता येतील, पण मग पुन्हा कधी उभे राहणार नाहीत."

"आधी खरा बघा, मग घासा."

कारागिराची मती गुंग झाली. एकासारखे एक दोन कुत्रे असतील का इथे? डोळ्यांत तेल घालून केलेलं सगळं काम मातीत?

राणीसाहेबांनी बोलावणं धाडलं, तसा कुत्रे सांभाळणारा म्हातारा दारात आला. त्याच्या पायांत घोटाळत, उड्या मारत कुत्रा आला. कपाळावर ठिपका, कान ताठ, जीभ बाहेर. हाच तो! कारागिराच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात कुत्र्याला राणीसाहेब दिसल्या. कान पडले, शेपूट पोटाखाली गेलं, आणि तो सरपटत येऊन त्यांच्या पायाशी बसला.

"बघितलंत? हा असा..." म्हणता म्हणता त्या थांबल्या.

कारागिराला काही उमगेना. बरोबर कोण, आपण की त्या? त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं, तर म्हातारा खाली मान घालून उभा.

राणीसाहेबांनी कुरवाळायला हात पुढे केला. कुत्र्याने डोळे घट्ट मिटून घेतले. त्यांनी हात मागे घेतला.

"तुझ्याजवळ त्याचे कान उभे असतात?" त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं.

"असतात," म्हातारा पुटपुटला.

"मग... घासू का, राणीसाहेब?" कारागिराने चाचरत विचारलं.

त्यांनी दगडाचा कुत्रा उचलला. त्याच्या कानांवरून अंगठा फिरवला.

"नको. हा राहू दे माझ्याजवळ." मग म्हाताऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू त्याला घेऊन जा."