अडकलेलं बटण

"अरे भोंग्या, बटण सोड की!" लेकीचा बाप रिपीटरच्या खोक्यावर ओरडला. ओरडून काही उपयोग नव्हता. टेकडीवरच्या त्या पत्र्याच्या खोलीत त्याचं ऐकायला फक्त त्याची थोरली बहीण होती. हा ओरडायला लागला की घाबरलेला असतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

तो घाबरलाच होता. दरीतल्या छोट्या वायरलेस सेटचा क्षीण आवाज उचलायचा आणि जोर लावून चहूकडे पोचवायचा, एवढंच त्या खोक्याचं काम. त्यानेच ते सुट्टीच्या दिवशी बसून जोडलं होतं. पण एका वेळी एकच आवाज त्यातून जातो, आणि आता कुणीतरी आपल्या सेटचं बोलायचं बटण दाबून बसलं होतं. शब्द नाही, हाक नाही. नुसती दबकी सळसळ यायची, थांबायची, पुन्हा यायची. काही मिनिटं ती ऐकवून रिपीटरने, त्याला शिकवलं होतं तसं, तोंड मिटून घेतलं. बटण सुटेपर्यंत तो आता कुणाचंच काही पोचवणार नव्हता. सळसळ तेवढी खोलीतल्या स्पीकरवर चालू होती.

आणि लेक दरीत होती. नवा अँटेना कुठवर पोचतो ते बघायला ती सेट घेऊन उतरली होती. तिथे मोबाइल चालत नाही, म्हणून तर हा सगळा उपद्व्याप. खाणीपासून तिची हाक आली. ओढ्यापासूनही आली, "बाबा, एकदम खणखणीत! आता कड्याखाली जाते." मग धुकं उतरलं. त्यानंतर तिचा आवाज नाही.

भोंग्या म्हणजे त्यांच्यातला ट्रकवाला. हौशी रेडिओवाल्यांत असा एक असतोच. सेट सीटवर टाकायचा आणि वर स्वतः बसायचं. मागच्या खेपेला त्याचं बायकोशी झालेलं भांडण अख्ख्या गटाने इत्थंभूत ऐकलं होतं.

"ती हाका मारत असेल गं, ताई. गळा फाटेस्तोवर मारत असेल. आणि हा ठोंब्या तिच्या आवाजावर बूड टेकून बसलाय!"

ताई दातांची डॉक्टर. घाबरलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे पाइपवर बसवून केलेला अँटेना घेऊन ती दारात उभी राहिली. जिकडे धरल्यावर आवाज मोठा, तिकडे चोर. तिने तो खालच्या रस्त्याकडे धरला. मग दरीकडे. पुन्हा रस्त्याकडे, पुन्हा दरीकडे.

"सापडला?"

"हं." तिने अँटेना खाली घेतला. "दोर कुठाय?"

"भोंग्याला बांधायला?"

"हो. मलमपट्टीची पेटी पण दे."

"लागेलच. चांगला बदडून काढ त्याला. थांब, मीही येतो."

"तू इथेच बस. काही आलंच, तर ऐकायला कुणीतरी हवं ना." त्याच्याकडे न बघता ती बाहेर पडली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

तो बसला. उठला. पुन्हा बसला. अँटेना उद्या तपासला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? पण त्यालाच घाई. नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखी घाई. 'जाऊन ये पटकन' असं तोच तिला म्हणाला होता.

मग खोक्यावरची, येणाऱ्या आवाजाचा जोर दाखवणारी सुई हळूहळू खाली सरकू लागली. त्याला एकदम धीर आला. बटण दाबलेला सेट फार वेळ टिकत नाही. भोंग्याची बॅटरी उतरत चालली होती. ती संपली की लेकीचा आवाज येणार.

"संप," तो सुईला म्हणाला. "संप एकदाची."

सळसळ बारीक झाली. मधलं थांबणं लांबू लागलं. त्याने हात जोडले. लेकीच्या जन्माच्या वेळीसुद्धा त्याने असे हात जोडले नव्हते. "बंद पड ना रे बाबा. पाया पडतो तुझ्या, बंद पड!"

खट् झालं. सळसळ तुटली. रिपीटरचा दिवा लागला.

त्याने झडप घालून माइक उचलला. "पिल्ला, बाबा बोलतोय! रस्ता मोकळा झालाय. बोल, कुठे आहेस?"

त्याने बटण सोडून कान दिला, मग पुन्हा दाबलं.

"अगं, बोल की!"

"मी बोलतेय." ताईचा आवाज होता, खरखरणारा. "तिच्या सेटवरून."

त्याला कळेचना. "तिच्या? मग भोंग्या?"

"भोंग्या नव्हताच रे. ही कड्याखाली घसरून पडलीय. सेट अंगाखाली दाबला गेला होता. पाय मोडलाय, डोक्याला खोक आहे, शुद्ध नाही. स्ट्रेचर पाठव."

तेवढ्यात दुसराच आवाज आला. "भाऊ, भोंग्या बोलतोय. ऐकलं मी. ट्रक खाणीपाशीच आहे. चौघं जण निघालो बघा, फळी घेऊन."

बापाने माइक दोन्ही हातांनी धरला. "ताई, खरं सांग. जिवंत आहे ना?"

"आहे. श्वास चालू आहे. पण आता मला बोलता येणार नाही, पाय बांधायला दोन्ही हात लागतील."

त्याने सुईकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"नको बोलूस," तो म्हणाला. "फक्त ते बटण दाबून वरून पट्टी गुंडाळ, आणि सेट तिच्या तोंडाशी ठेव. ती सळसळ ऐकू दे मला."