शेजारची सीट

शिकाऊ लायसन हातात आलं तरी धनश्रीनं गाडीला किल्ली लावली नाही. मागच्या सीटवर लेक बसणार. विम्याचं पक्कं विचारल्याशिवाय तिचा पाय क्लचवर पडणार तरी कसा!

शिकवायला सासरे, शहादेवमामा, तयारच होते. चौसाळ्यातली निम्मी पोरं त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेली. "लई भित्री हाय आमची सून," ते हसले. "मी बसतोय की बाजूला, मग इमा कशाला लागतोय?"

तरी तिनं एजंटला फोन लावलाच. "शिकताना कुठं धडकली तरी विमा मिळतो, ताई," तो म्हणाला. "फक्त शेजारी बसणाऱ्याकडं पक्कं लायसन पाहिजे."

"मामा, तुमचं लायसन द्या बरं."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मला आजवर कुणी मागितलंच न्हाई, पोरी."

 

ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन धनश्रीनं पक्कं लायसन काढलं, आणि आता स्टिअरिंगवर बसलेले शिकाऊ मामा शेजारी बसलेल्या सुनेला हळूच विनवतात, "लई वरडू नको गं, सगळं गाव बघायलंय!"