तिसरी बाटली

"राष्ट्राचं आरोग्य चुलीपाशी घडतं!" अन्ननिरीक्षक खरवंडीकरांनी ठणकावून सांगितलं. मात्र मनकर्णाच्या हॉटेलाचं स्वयंपाकघर म्हणजे चार पत्रे, आणि वरचा पत्रा छातीइतक्या उंचीवर. त्यामुळे राष्ट्राविषयीचं हे वाक्य त्यांना उकिडवं बसून म्हणावं लागलं. ऐकायला मनकर्णा होती आणि माश्या होत्या. माश्यांनी लक्ष दिलं नाही.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल होता. पाथर्डीच्या रस्त्यावर दुष्काळी काम चाललं होतं, आणि खडी फोडणाऱ्या बाया दुपारच्या सुट्टीत इथे कोरा चहा प्यायला येत. खरवंडीकर नगरहून एसटीनं आले होते. त्यांनी फडकं दोन बोटांत धरून पाहिलं, काजळी पाहिली आणि शेवटी पातेल्यावरचं झाकण उचललं.

"दुधात पाणी किती घालता?"

"पानी?" मनकर्णा खरोखरच विचारात पडली. "साहेब, टँकर आठ दिसांनी येतो. दुधात घालायला पानी पायजे, तर ते आदी कुनाच्या तरी दुधातनंच काडावं लागंल."

खरवंडीकरांनी हे नोंदवलं नाही. पिशवीतून तीन बाटल्या काढल्या. नमुना म्हटला की तीन बाटल्या. पातेल्यात दूध होतं तीन पावशेर, ते तिन्हींत अगदी मापात बसलं. नियम करणाऱ्यांनी जणू मनकर्णाचं पातेलं आधी येऊन पाहिलं होतं.

"समदं नगा नेऊ, साहेब. त्यातलं वाटीभर साळूबाईच्या लेकीचं हाय. साळूबाई खडीवर येती. अंगावरचं दूध आटलंय तिचं, आन् पोरगी आठ म्हैन्यांची."

"नियमात साळूबाई नाही," खरवंडीकर म्हणाले. पण माणूस वाईट नव्हता. "दोन बाटल्या सरकारच्या. तिसरी तुमची."

"माजी? म्हंजी हितंच ऱ्हानार?"

"इथेच. जपून ठेवा."

मनकर्णाचा जीव भांड्यात पडला. ती चुलीत काटक्या सारायला वळली. तिच्या पाठीमागे खरवंडीकरांनी प्रत्येक बाटलीत एका लहान शिशीतून मोजून थेंब सोडले. तपासणी होईपर्यंत दूध नासू नये म्हणून खात्यानं दिलेलं औषध होतं ते. पोटात जाऊ देऊ नये, असं शिशीवर लाल अक्षरांत लिहिलेलं. मग बूच, मग दोरा, मग लाख वितळवून तिच्यावर मोहोर. छापील कागदावर 'संबंधितास समज दिली काय?' असा रकाना होता. तिथे त्यांनी 'होय' लिहिलं आणि बाहेर बाकावर अहवाल लिहायला बसले.

अहवालाला बहर आला. माश्या झाल्या, काजळी झाली, फडक्यावर तर सबंध परिच्छेद झाला. मधेच मनकर्णानं चहा आणून ठेवला. कागदावरून नजर न काढता घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं आणि पाचवा मुद्दा लिहिला : 'चहास उग्र वास येतो. कारण, अस्वच्छ फडके.' एवढं लिहून उरलेला चहा संपवला. फुकटचा चहा टाकण्याबद्दल नियमात काही नव्हतं.

कप खाली ठेवताना त्यांना तळाशी साय दिसली.

त्यांनी मान वर केली. समोर पत्र्याच्या सावलीत एक बाई मांडीवर तान्ही पोर घेऊन बसली होती. डाव्या हातात वाटी, उजव्या हातात कापसाचा बोळा. बोळा दुधात बुडाला, वर आला.

"मनकर्णाबाई, हे दूध कुठलं?"

"माज्या वाटच्या बाटलीतलं. सांजंपतोर नासलंच असतं की. म्हनलं, साहेबाला कोरा च्या कसा द्यावा? उरलं ते साळूबाईला..."

खरवंडीकर उठले ते बाक आडवा करूनच. त्यांच्या हाताच्या फटक्यानं वाटी चार हात लांब जाऊन पडली. दूध पसरलंसुद्धा नाही. मातीनं ते पडल्या पडल्या पिऊन टाकलं.

"पाजलंस? किती पाजलंस?"

"पैलाच बोळा हुता. व्हटाला बी लागला न्हाई," साळूबाई म्हणाली. तिचा हात अजून तसाच वर होता. "लेकराच्या तोंडचं वतलं, साहेब?"

"त्यात औषध आहे. मीच घातलंय."

"कशापायी?"

"दूध नासू नये म्हणून."

साळूबाईनं मातीतल्या ओल्या डागाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"मग न्हाई नासलं?"

साळूबाईची नजर पिशवीकडे गेली.

"आन् त्या दोन बाटल्यांत?"

"त्यांतही."

पोरगी रडायला लागली. खरवंडीकरांच्या घशात जळजळत होतं. पाचव्या मुद्द्याची शाई अजून ओली होती. त्यांनी पेनाला टोपण घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

मनकर्णा आत जाऊन आली. चुलीपाशी फोडलेल्या मोहोरेचे तुकडे तिनं गोळा करून ओंजळीत आणले होते. लाल, एकावर अर्धी मुद्रा. आता साहेब ओरडणार म्हणून तिनं मान खाली घातली होती. ते ओरडले नाहीत, तेव्हा ती हलकेच म्हणाली,

"साहेब, ही लाख तेवडी ऱ्हाऊ द्या माज्याकडं. घागर गळतीया."