वायरमधलं हसू

बोटांच्या ऑपरेशननंतर मेहुणा पहिल्यांदाच गिटार रेकॉर्ड करायला बसला होता, आणि मला काही गप्प बसवेना. तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी त्याच्या गिटारवरचं आवाजाचं बटण हळूच जवळजवळ शून्यावर आणलं.

तो येऊन वाजवायला लागला, पण रेकॉर्डिंग मशीनच्या स्क्रीनवरची आवाजाची लेव्हल जेमतेम हलली. त्यानं मशीनचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवायचं बटण, पार टोकापर्यंत नेला. तरी गिटार लांबून आल्यासारखी, आणि वर नुसती खरखर.

"दाजी, वायरसुद्धा बदलली हो. म्हणजे बोटांतच जोर राहिला नाही. विकून टाकतो ही."

मी मागे हसू दाबत उभा. तेवढ्यात त्यानं कानावरचा हेडफोन काढून मला दिला. "यात कुणी हसतंय का?"

हसत होतं. खरखरीच्या मागे, दबकं, अगदी माझंच. पण खोलीत माइकच नव्हता. गिटारची वायर सरळ मशीनमध्ये जात होती.

माझे कान तापले. "अरे, मीच गाढव," म्हणत मी ते बटण पूर्ण फिरवलं. "बोटं ठणठणीत आहेत तुझी. गेन कमी कर आणि वाजव."

लेव्हल छान भरली. मेहुण्याचे डोळेही भरले. त्यानं स्पीकर लावला आणि तारांवर तळहात ठेवला.

गिटार थांबली. हसू थांबेना. आता ते स्वच्छ, खणखणीत येत होतं.

"पुरे ना, दाजी," तो मागे न बघता म्हणाला.

मी हसतच नव्हतो. शरमेनं मान वर होत नव्हती. तरी मी तोंडावर हात दाबून धरला.

स्पीकरमधलं हसू हाताआडून आल्यासारखं दबकं यायला लागलं.