शेवटच्या थांब्यावरची टोपली

"पाहुणे येतायत. केस सोड," कंडक्टरकाका म्हणाले.

"इतरांचे बाप केस बांध म्हणतात. तुमचं आपलं जगावेगळं," लेक म्हणाली. "चहाचं आधण ठेवते, मग सोडते. केवढं उकडतंय."

तेवढ्यात फाटक वाजलं. शेताच्या बांधापलीकडे नुकतंच राहायला आलेलं जोडपं काकांचं संग्रहालय बघायला आलं होतं. नवरा बोलघेवडा, बायको अबोल.

संग्रहालय म्हणजे ओसरीला लागून असलेली खोली. बसमध्ये लोक विसरून गेलेल्या वस्तू डेपो मुदत संपली की टाकून द्यायचा. काका त्या घरी आणायचे. छत्र्या, डबे, एकेकटे बूट. प्रत्येकाला कार्ड लावलेलं, त्यावर थांबा आणि सीट.

"कवळी विसरून माणूस उतरतोच कसा?" नवऱ्याने विचारलं.

"तोंड मिटून," काका म्हणाले.

नियम साधा होता. कार्डावर नसलेली खूण सांगा आणि आपली वस्तू घेऊन जा. पण वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं, आणि याचं काकांना वाईट वाटे. दुसऱ्याची वस्तू घरात असली की त्यांच्या जिवाला घोर लागे. एकदा तरी कुणी यावं आणि हे माझं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

नवरा ओसरीवर टांगलेली बसची घंटा दोरी ओढून वाजवायला गेला. बायको मात्र खिडकीखालच्या वेताच्या टोपलीपाशी थांबली. काकांची बायको होती तेव्हा म्हणायची, ही एवढी जाळून टाका. काका ऐकत नसत. लपवली की ती चोरी, असं त्यांचं म्हणणं.

बाईने कार्ड वाचलं. शेवटचा थांबा, मागची सीट.

"ही माझी आहे," ती हळूच म्हणाली.

काका इतकी वर्षं याच वाक्याची वाट बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खूण सांगा."

बाईने ओसरीकडे पाहिलं. घंटा वाजतच होती.

"आत पिवळं दुपटं होतं. यांना ठाऊक नाही, लग्नाआधीचं आहे." तिने टोपलीवर हात ठेवला. "डाव्या कानामागे तीळ होता."

काकांनी आयुष्यात कुणाला एका तिकिटापुरतंही फसवलं नव्हतं.

"चुकलात, बाई," ते म्हणाले. "या टोपलीत कांदे होते."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने पदराने डोळे टिपले आणि टोपलीवरचा हात काढून घेतला.

"बाबा, चहा आणू?" आतून लेकीचा आवाज आला.

"आण," काका म्हणाले. "पण आधी केस सोड."